दुपारचं व्हिटॅमिन

आमच्या घरात माणसांना कधी कुणी व्हिटॅमिन दिलं नाही. मला डॉक्टरनं सांगून झालं, बाई, तुमचं बी-बारा कमी आहे, गोळ्या घ्या. आमचे हे म्हणाले, मेथीची भाजी खात जा, त्यात सगळं असतं. विषय संपला. कोंबड्यांचं मात्र तसं नाही. कोंबडीला ए पाहिजे, ई पाहिजे, सी तर पाहिजेच पाहिजे, आणि उन्हाळ्यात तेही वाढवून. आमच्या कोंबड्यांची एबीसीडी आमच्या लेकरांच्या आधी पाठ झाली असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसा बाबांनो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेड चितेगावच्या पुढं, पैठण रोडवरून जरा आत. हे चितेगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात, म्हणून शेड माझ्याकडं. पिल्लं कोंबडीकंपनीची, खाद्य त्यांचं, औषध त्यांचं. शेड, पाणी, लाईट आणि मरमर आपली. करार असा गोड आहे की जिवंत असेतोवर कोंबडी कंपनीची आणि मेली की आमची. तरी मला ते शेड जिवापाड. लग्न झाल्यापासून मी अमक्याची सून, तमक्याची बायको, ढमक्याची आई. शेड झाल्यापासून टेम्पोवाले फोनवर एकमेकांना पत्ता सांगतात, "बाईच्या शेडच्या अलीकडं वळ." पहिल्यांदा ते ऐकलं त्या दिवशी मी आनंदानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तर ते शेड जायची वेळ आली होती. मागच्या उन्हाळ्यात आमच्या कोंबड्या लई मेल्या. कंपनीच्या साहेबानं तेव्हाच सांगून ठेवलं, "मॅडम, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अशी मरतूक झाली तर पिल्लं देता येणार नाहीत." पिल्लं नाहीत म्हणजे शेड बंद. आणि शेड बंद व्हायची वाट बघत आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, टपून बसलेले. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. गाद्या, खुर्च्या, कमानी ठेवायला त्यांना जागा पाहिजे. आयत्या बिळावर नागोबा! मरतुकीची खबर लागली की भाऊजी हजर. "वहिनी, लई वाईट झालं हो," असं म्हणायचं आणि बोलता बोलता खिशातून टेप काढून शेडची रुंदी मोजायची. एकदा तर टेपचं दुसरं टोक मलाच धरायला लावलं. मीही येडी, धरलं.

यंदाचा उन्हाळा लागला तो काय सांगू. आमच्याकडं ऊन पडत नाही, बसतं. येऊन मांडी घालून बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. दुपार झाली की शेडमधल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या, पंख फाकवून जमिनीला चिकटून बसायच्या. कोंबडीला घाम येत नाही. आतलं गरम बाहेर टाकायचं ते फक्त तोंडातून. त्यात या चांगल्या वजनात आलेल्या, एकेकीला स्वतःचं अंग जड झालेलं. खरं तर त्यांची जायची वेळ होऊन गेली होती. मी कंपनीला रोज फोन करायची, "गाडी पाठवा, माल उचला." तिकडून उत्तर, "मॅडम, बाजार पडलाय. थोडं थांबा. तोवर व्हिटॅमिन पाठवतो."

गाडी मागितली की व्हिटॅमिन. पंखा मागितला की व्हिटॅमिन. लाईट जाते म्हणलं की, मॅडम, अशा वेळी व्हिटॅमिनचा फार उपयोग होतो. मला वाटायला लागलं की उद्या शेडवरचे पत्रे उडाले तरी हे लोक दोन पुडे घेऊन येतील आणि म्हणतील, पाण्यात टाका, छप्पर उगवेल.

ते पुडे आणणारा माणूस म्हणजे कंपनीचा व्हिटॅमिनवाला. इन केलेला शर्ट, गॉगल, बोलायला साखर. त्यानंच मला समजावलं होतं की कोंबडी आपल्या अंगात सी तयार करते, पण उन्हाच्या तापात तिला ते पुरत नाही, वरून द्यावं लागतं. ते खरंच आहे, मी नंतर चार ठिकाणी विचारलं. आणि दुसरा होता ब्लीचिंगवाला. तोही त्याच कंपनीचा, पण त्याचं खातं वेगळं. तो रोगराई बघायचा. त्याचं म्हणणं, टाकीत रोज सकाळी ब्लीचिंग पावडर पडलीच पाहिजे, जंतू मेलेच पाहिजेत. दोघं वेगवेगळ्या दिवशी यायचे, दोघंही दम देऊन जायचे, आणि मी दोघांचंही ऐकायची. सकाळी टाकीत ब्लीचिंग, दुपारी कोंबड्या धापा टाकायला लागल्या की त्याच टाकीत व्हिटॅमिन. दुपारीच का? अहो, डोकं दुखायला लागल्यावरच गोळी घेतो ना आपण. आमच्या पैठण रोडच्या सगळ्या शेडवर हाच रिवाज. घड्याळात बारा वाजले की प्रत्येक टाकीवर एकेक माणूस पुडा घेऊन चढलेला.

एवढं व्हिटॅमिन देऊनही सकाळी शेडमधून मेलेल्या कोंबड्यांची टोपली भरून निघायचीच. भाऊजींच्या चकरा वाढल्या.

मग एक दिवस देवाची करणी, दोघं एकाच वेळी आले. ऐन दुपारी. एक पलीकडून, एक अलीकडून, दोन्ही फटफट्या माझ्या दारात. मी व्हिटॅमिनचा पुडा फोडून शिडीवर चढलेली. ब्लीचिंगवाल्यानं खालून विचारलं, "मॅडम, सकाळी क्लोरिन केलं ना?"

"केलं की. तुम्ही सांगता तसं."

व्हिटॅमिनवाल्यानं गॉगल काढला. "कशात केलं? याच टाकीत?"

"मग काय दोन टाक्या हायेत का माझ्याकडं?"

"अहो, क्लोरिननं माझं व्हिटॅमिन मरतं ना!"

मी शिडीवर तशीच उभी. खाली दोघांची जुंपली. हा म्हणतो, तुमचं व्हिटॅमिन गेलं खड्ड्यात, जंतू झाले तर जबाबदार कोण. तो म्हणतो, तुमच्या जंतूंपायी माझा माल वाया जातोय आणि रिझल्ट येत नाही म्हणून शिव्या मी खातोय. ब्लीचिंगवाला म्हणाला, मग सोमवारच्या मीटिंगमधी बोलायचं होतं. व्हिटॅमिनवाला म्हणाला, सोमवारी माझी मीटिंग वेगळी असते. कोंबड्या आत धापा टाकतायत, हे दोघं बाहेर धापा टाकतायत. शेवटी दोघांनी आपापल्या साहेबाला फोन लावला. दोन्ही साहेब शहरात, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून असलेल्या केबिनमधी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दोघं साहेब एकमेकांशी बोलले म्हणे, आणि निरोप आला, "दोन्ही चालू ठेवा. मीटिंग लावतो."

आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दारात बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांना क्लोरिन माहीत नाही की सी माहीत नाही. त्यांनी तोंडावर मारायला म्हणून टाकीच्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि ओरडल्याच, "अगं बया! चहा टाकायचं पाणी हाय का हे?" काळी प्लास्टिकची टाकी, पत्र्यावर, सकाळपासून उन्हात. मी आत जाऊन कोंबड्यांच्या पाण्याच्या लाईनला, चोचीनं दाबून पाणी प्यायचे ते बारके निप्पल असतात त्याला, बोट लावलं. चटका बसला. कोंबड्या चोच लावत होत्या आणि मान झटकून मागं होत होत्या. पीतच नव्हत्या!

"पन्हं करून कुणी चुलीवर ठिवतं का गं?" आत्याबाई म्हणाल्या.

मला रडू आलं, आणि रडता रडता असा राग आला की विचारू नका. उन्हाळाभर मी काय करत होते? सकाळी ब्लीचिंग टाकून ठेवायची, दुपारी त्यात व्हिटॅमिन टाकून ते मारायची, उरलंसुरलं उकळून काढायची, आणि वरून ते न पिणाऱ्या कोंबड्यांना द्यायची. आणि दोन शिकलेली माणसं माझ्या दारात चहाची वाट बघत उभी. मी म्हणलं, "चहा नाय मिळणार. जा तुमच्या मीटिंगला."

दुसऱ्या दिवसापासून मी माझं डोकं चालवलं. टाकीला चुना फासला, वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी मारत राहिले. टाकीपासून शेडपर्यंतचा पाइप जमिनीत पुरला. व्हिटॅमिन द्यायचं ते पहाटे, विहिरीच्या ताज्या पाण्यात, कोंबड्यांना तहान असते तेव्हा. ते पिऊन संपलं की मग संध्याकाळी ब्लीचिंग. दुपारी खाद्याची भांडी वर ओढून घ्यायची, कारण पोटात पडलेलं पचवताना कोंबडी आणखी तापते, आणि लाईनमधलं गरम पाणी सोडून द्यायचं. ह्यांनी एक शिफ्ट बुडवून पाइपाचा चर खणून दिला, एवढं मात्र सांगितलं पाहिजे. आत्याबाई गोणपाटावर पाणी मारायचं काम कुणाला देईनात.

टोपली हलकी व्हायला लागली. मग एक दिवस टोपली लागलीच नाही, हातात दोन धरून आणल्या तेवढ्याच. भाऊजी आले, शेडमधी डोकावले, टेप खिशात ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, चहा तरी टाका." मी टाकला. आनंदाच्या भरात साखर जास्त पडली.

गाडी आली, माल उचलला. सगळ्या पट्ट्यात सर्वांत कमी मरतूक माझ्याकडं. लगेच व्हिटॅमिनवाला हजर, सोबत फोटोवाला. म्हणाला, "मॅडम, टाकीवर चढा, व्हिटॅमिन ओततानाचा फोटो पाहिजे." वेळ कोणती? भर दुपार. मी म्हणलं, "अहो, दुपारी देत नाहीत. सकाळी या." तो म्हणाला, "सकाळी आम्हाला जमत नाही. आणि दुपारी लाईट चांगला असतो." एवढंच नाही, फोटोत टाकी कंगाल दिसते म्हणून गोणपाट आणि कडबा काढायला लावला. मी तणतणले, पण तो म्हणाला, पुढच्या पिल्लांचं नक्की करायचंय ना मॅडम. मग काय, चढले.

त्यानंतर शहरात एका हॉटेलच्या हॉलमधी माझा सत्कार. कार्यक्रमाचा विषय, कोंबड्यांवरचा उष्णतेचा ताण. हॉलमधी एसी असा सोडलेला की सगळे शेतकरी उपरणी लपेटून बसलेले. माझ्या अंगावर शाल टाकली तेव्हा सत्कारापेक्षा मला तिची ऊबच जास्त आवडली. कोंबडीकंपनीचा कार्यक्रम आणि जेवण शुद्ध शाकाहारी, कारण मोठ्या साहेबांना चालत नाही. असो.

मला बोलायला उठवलं. आधी व्हिटॅमिनवाल्यानं कानात वाक्य घालून ठेवलं होतं, "या व्हिटॅमिननंच माझ्या कोंबड्या वाचल्या." माइकपुढं उभी राहिले आणि पुढच्या रांगेतली माणसं बघितली. सगळी माझ्यासारखी उन्हानं रापलेली. मी काही ते वाक्य म्हणलं नाही. सरळ सांगितलं, टाकी झाका, पाइप पुरा, व्हिटॅमिन पहाटे द्या, ब्लीचिंग आणि व्हिटॅमिन एकत्र करू नका, आणि गाड्या वेळेवर पाठवा. शेवटचं जरा जोरात म्हणलं. हॉलमधी टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं, आता शेड गेलं. भाऊजींच्या गाद्या डोळ्यापुढं यायला लागल्या.

पण मोठा साहेब उठला, हसला, माइक घेतला आणि म्हणाला, "मॅडमनी फार सुंदर सांगितलं. थोडक्यात काय, तर व्हिटॅमिन द्या!" पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जास्त. मी एवढं तोंड वाजवलं आणि साहेबानं ते दोन शब्दात गिळून ढेकर दिला. एकाही माणसाला माझा राग आला नाही, याचाच मला राग आला.

पुढच्या आठवड्यात औषध आणायला शहरात औरंगपुऱ्यात गेले. जनावरांच्या औषधाच्या दुकानात भिंतीवर मी! मोठं पोस्टर. टाकीवर चढलेली, डोक्यावर टळटळीत ऊन, हातात पुडा, आणि खाली अवतरणात, "या व्हिटॅमिननंच माझ्या कोंबड्या वाचल्या." तिथल्या तिथं व्हिटॅमिनवाल्याला फोन लावला. "मी हे म्हणलेच नाही!"

"मॅडम, भावार्थ तोच आहे."

"अहो, निदान दुपारचा फोटो तरी बदला. लोक दुपारी देतील की!"

"पुढच्या छपाईत बघू. आणि अभिनंदन मॅडम, तुमची पिल्लं मंजूर झाली."

पिल्लं मंजूर म्हणजे शेड राहिलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण ते पोस्टर काही डोळ्यापुढून हलेना. दुकानदार म्हातारे चाचा होते. त्यांच्याकडं मार्कर पेन मागितलं. ते म्हणाले, "लिखो भाभी, फोटो आपकाच है." मी स्टुलावर चढून स्वतःच्या तोंडावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पहाटे द्या, टाकी झाका. चाचांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, अक्षर अच्छा है. अशी किती पोस्टरं कुठं कुठं लागली होती ते मात्र त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मृग लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. त्या दिवसात पिल्लांची गाडी आली. शेडमधी नवीन तूस अंथरलेलं, पाणी भरलेलं, आत्याबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. ड्रायव्हरनं फाळका पाडला, पहिले खोके खाली घेतले, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज.

"ताई, मी वैजापूरकडची. आमच्याकडं आलेल्या कंपनीच्या सरांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही पोस्टरवरच्या ना?"

"व्हय."

"ताई, तुमचा फोटो बघून मी पुडे आणले. तुमच्यासारखंच भर दुपारी टाकीवर चढून टाकायची. एक दिवस चुकवला नाय. तरी माझ्या सगळ्या मेल्या हो. म्हणलं तुम्हालाच विचारावं, माझं काय चुकलं?"

मी गाडीच्या सावलीत खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. दुपारी नाय, पहाटे. टाकी झाकायची. ब्लीचिंगच्या पाण्यात नाय. पाइप पुरायचा. दुपारी खाद्य काढायचं. ती मधे मधे फक्त "व्हय, व्हय" म्हणत होती, जणू परीक्षेआधी पाठ करावं तसं.

मी म्हणलं, "पुढच्या बॅचला असं कर बाई, काही होत नाय."

"पुढची बॅच नाय ताई. शेड बंद करायला सांगितलंय. पिल्लं देणार नाय म्हणाले."

तिला सांगावं वाटलं की ते वाक्य माझं नाही, ती दुपार माझी नाही. पण तोंड तर माझंच होतं ना त्या भिंतीवर. माझा चेहरा बघून तिनं विश्वास ठेवला, आणि माझं शेड त्याच चेहऱ्यावर टिकलं. शरमेनं मान वर होईना. ड्रायव्हरनं हाक मारली, "भाभी, उतारू क्या? धूप चढ रई." मी हातानंच हो म्हणलं. उन्हात ठेवून चालणार नव्हतं. खोक्यांची झाकणं उघडली आणि एकदम चिवचिवाट झाला.

फोन अजून कानालाच होता.

"ताई, पिल्लं आली का तुमच्याकडं? आवाज येतोय."

"व्हय," मी म्हणलं.

"बरं झालं. जपा बरं त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.